हद्दीबाहेरचं गिऱ्हाईक

पेट्रोलची गाडी आडगावात बंद पडली, तरी नाक्यावरचा मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि काहीतरी करून ती चालू करून देतो. नव्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला ही सोय नाही. त्यातून तो कंपनीच्या विक्रीक्षेत्राबाहेर राहत असला, तर त्याची सगळी भिस्त शहरातून येणाऱ्या एका माणसावर.

चिपळूणला एका स्नेह्यांच्या अंगणात असा माणूस काम करताना मी जवळून पाहिला. पुण्याहून निघून कुंभार्ली घाट उतरून आला होता. मुख्य बॅटरी भरलेली, पण गाडी चालू होईना. त्यानं आधी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मीटर लावला. ती पार उतरली होती. गाडीतले दिवे, दारांची कुलपं, संगणक हिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे रिलेही हिच्याच जोरावर बसतात. ही गेली की शेजारचे शेकडो व्होल्ट कुचकामी. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना त्यानं हातही लावला नाही, रबरी हातमोजे पिशवीतच राहिले. छोटी बॅटरी बदलली, मग लॅपटॉप जोडून बिघाडाच्या नोंदी पुसल्या, तेव्हा कुठे गाडी हलली. बॅटरी नाक्यावरच्या पोरानंही बदलली असती. नोंदी पुसायला मात्र कंपनीचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड लागतो. खरी अडचण इथे आहे.

टेस्लाला हे लवकर उमगलं. तिची पहिली गाडी रोडस्टर 2008 पासून ग्राहकांच्या हाती पडू लागली. सर्व्हिस सेंटरं मोजकी, मालक दूरदूर विखुरलेले. 2009 मध्ये कंपनीनं ‘रेंजर’ नावाची फिरती सेवा सुरू केली. जाण्यायेण्याच्या दर मैलाला एक डॉलर, किमान शंभर. स्वस्त नव्हतं, पण भाव आधीच ठाऊक होता. त्याच वर्षी बंगळूरच्या रेवा या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीनं फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात अशीच एक सोय दाखवली: चार्ज संपला तर मालकानं फोन किंवा एसएमएस करायचा, कंपनी दुरूनच बॅटरीतला राखीव साठा मोकळा करणार.

टेस्लाच्या भारतातल्या पहिल्या ग्राहकांच्या वाट्याला मात्र प्रतीक्षा आली. 2016 च्या एप्रिलमध्ये इथल्या अनेकांनी एक हजार डॉलर भरून मॉडेल 3 ची नोंदणी केली. आयात कराचा प्रश्न भिजत पडला, वर्षं गेली. 2025 च्या मे महिन्यात नोंदणीची रक्कम परत करत असल्याचे ईमेल आले. जुलैत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं, ते मॉडेल वाय विकायला. कर ठरवणं कंपनीच्या हातात नव्हतं, हे मान्य. पण गाडी कधी देता येईल याचा भरवसा नसताना पैसे घ्यायचे की नाही, हे तिच्याच हातात होतं.

हद्दीबाहेरचा ग्राहक नुसते पैसे देत नाही. कंपनीनं कधी न पाहिलेला घाट आणि कोकणचा पाऊस तो तिच्या गाडीला दाखवतो. ते शिक्षण कंपनीला फुकट मिळतं, म्हणून त्याच्या फोनला सर्वांत आधी उत्तर मिळायला हवं.

तुमच्या गावात सेंटर नसलेल्या कंपनीला टोकन देणार असाल, तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत येणार आणि त्याच्या प्रवासाचा खर्च कोण करणार.