गुळाने जंत होत नाहीत

मूल झोपेत दात खाऊ लागले की घरातली वडीलधारी माणसे निदान करून मोकळी होतात: गूळ फार खाल्ला, जंत झाले. गुळाची मोठी बाजारपेठ असलेल्या कोल्हापुरातही हे सहज ऐकू येते. पण गुळात जंत जन्मत नाहीत, आणि दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत. पोटदुखी, थकवा, फिकटपणा तर कितीतरी आजारांत असतो. परजीवी ओळखायचा तर तो शरीरात कोणत्या वाटेने शिरला आणि कोणत्या वाटेने बाहेर पडतो, हे आधी शोधावे लागते, असे माझे ठाम मत आहे. अंकुशकृमीचेच पाहा. उघड्यावर शौच होणाऱ्या ओल्या मातीतून त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीत घुसते आणि रक्तावाटे, फुप्फुसांवाटे आतड्यात पोहोचते. तेथे सेंटीमीटरभराचा किडा रक्त पीत राहतो. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला दम लागला तर दोष कष्टांना दिला जातो. किड्याची अंडी मात्र शौचाच्या तपासणीतच दिसतात.

वाट शोधली नाही तर काय निसटते, हे सह्याद्रीपलीकडच्या गिमवीने दाखवले. लघवीतून रक्त आले की आपल्याला मूतखडा आठवतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात 1952 साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी मूत्राशयाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र नोंदवले. हा रोग आफ्रिकेचा आणि पश्चिम आशियाचा मानला जाई. त्याचे किडे मूत्राशयाभोवतालच्या शिरांत राहतात. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. अंडी मूत्राशयाची भिंत फाडत लघवीत उतरतात. पाण्यात फुटलेल्या अंड्यातली अळी गोगलगायीत वाढते, बाहेर पडते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीत शिरते. म्हणून संशोधकांना रुग्णाच्या लघवीबरोबर पाण्यातल्या गोगलगायीही तपासाव्या लागल्या.

यावर कोणी म्हणेल, आम्ही शाकाहारी, आमचा या किड्यांशी काय संबंध? मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठीने फिट येते तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो, आणि खाणाऱ्यांच्या घरात मटणाला दोष लागतो. दोन्ही चूक. हा पट्टकृमी डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो. मेंदूतली गाठ मात्र त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी दुसऱ्याच्या (कधी त्याच्या स्वतःच्याही) तोंडात गेल्याने होते. न धुतलेली कोथिंबीर किंवा हात तेवढ्याला पुरतात. डुकराचे मांस वर्ज्य असलेल्या न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांतही अशा गाठी सापडल्याचे 1992 साली प्रसिद्ध झाले. तिथला माग घरकामाला असलेल्या, पोटात पट्टकृमी असलेल्या व्यक्तीपर्यंत गेला. असा माणूस बहुधा ठणठणीत असतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: शाळा-अंगणवाड्यांत तपासणीविना अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी देतात, मग ओळख हवी कशाला? 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी ती मोहीम योग्यच आहे. गोळी स्वस्त आणि सुरक्षित, प्रत्येकाची तपासणी महाग. पण शिस्टोसोमियासिसला प्राझिक्वांटेल लागते. मेंदूत गाठी असताना अल्बेंडाझोल परस्पर घेतली तर मरणाऱ्या किड्याभोवती सूज येऊन फिट वाढू शकते. म्हणून डॉक्टर स्कॅन पाहून सोबत स्टिरॉइड देतात. आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या मुलीला गोळी मिळाली, तरी त्याच फडात अनवाणी राबणारी तिची तिशीतली आई त्या वयोगटात बसत नाही.