कान गेला म्हणून हक्क जात नाही

लूमवर वर्षानुवर्षे उभे राहिलेले आपले बांधव घरी आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवतात, मोठ्याने बोलतात, हाकेला 'ओ' देत नाहीत. घरचे म्हणतात, "वय झालं." भिवंडीत पुष्कळदा कारण वय नसते, खडखडाट असतो. सततच्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून औषधाने हा बहिरेपणा जात नाही. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही, इअरप्लग लागतात. कानात सतत शिट्टी वाजत असेल तर लगेच तपासणी करा.

कारखान्यातील आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल आहे. लूमची पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ साली कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला होता, हे इथे आठवते.

आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. त्याची भरपाई मागता येते. म्हणून पगाराची चिठ्ठी, हजेरी, ईएसआयचे कार्ड असे कामाचे पुरावे जपून ठेवा.

दुसरा आधार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा. दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणहानी असेल तर व्यक्ती कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर श्रवणदोष असलेली मानली जाते. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण मिळते. सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का श्रवणदोष असलेल्यांसाठी आहे.

परदेशात काही कर्णबधिरांकडे शिकवलेला कुत्रा असतो. दाराची बेल वाजली, बाळ रडले की तो पंजा लावून कळवतो. अमेरिकेत त्याला दुकानात, दवाखान्यात सोबत नेण्याचा हक्क आहे. आपल्या कायद्यात अशा कुत्र्याचा उल्लेख नाही. वस्तीत कर्णबधिर आईसोबत शाळा बुडवून मुलगीच दवाखान्यात, तहसीलमध्ये जाते. मुलीची माया मोठी, पण आईचा हक्क तिच्या शाळेवर उभा राहू नये. कर्णबधिराला समजेल अशा रीतीने माहिती देणे, कोर्टात त्याची साक्ष त्याच्या भाषेत घेण्याची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे.

काय कराल?

• कानाची ऑडिओमेट्री करा. लहान बाळासाठी बेरा तपासणी असते.

• आधार कार्ड आणि फोटो देऊन यूडीआयडी कार्डासाठी अर्ज भरा. टक्केवारी सरकारी रुग्णालयातील डॉक्टर ठरवतात.

• हक्क नाकारला तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, पोचपावती घ्या.

• दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

बहिरेपणा लाजेची गोष्ट नाही. या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा कुणाला ऐकू कमी येते ते विचारा आणि त्याचा अर्ज तिथेच भरून द्या.