वेडी कोण ठरते?

मानसिक आजारावरचे पुष्कळ चित्रपट रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेतात आणि तेथेच रमतात. जॉन कॅसाव्हेट्सचा ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ हा १९७४ सालचा अमेरिकी चित्रपट याच्या उलट वागतो. त्यातील मेबल सहा महिने इस्पितळात असते. पण ते इस्पितळ आपल्याला दिसतच नाही. दिसते ते घर. म्हणून मला या चित्रपटाविषयी लिहावेसे वाटले.

लॉस एंजेलिसमधले हे घर कष्टकऱ्याचे आहे. मेबलचा नवरा निक बांधकाम मजुरांच्या टोळीचा मुकादम. नवराबायको जेवणाच्या खोलीतच, उघडमिट करायच्या सोफ्यावर झोपतात. आजारी बाईचे अंथरूणसुद्धा येण्याजाण्याच्या वाटेवर! पाण्याची मोठी वाहिनी फुटते, निकला रात्रभर कामावर राहावे लागते आणि सकाळी तो सगळी टोळीच घरी आणतो. मेबल सर्वांना स्पगेटी करून वाढते, एकेकाचे नाव विचारते. त्यांतल्या एकाला ती नाचायचा आग्रह करते तेव्हा निक ओरडतो आणि पंगत मोडते. तिची चूक कोणती? माणसांना आपले मानण्याची हद्द तिला उमगत नाही, एवढीच.

पुढे सासू आरडाओरडा करते, डॉक्टर घरी येतो, मेबलची रवानगी होते. तिचे हातवारे, तिचे पुटपुटणे हा आजार ठरतो. आणि निक? तो बायकोवर हात उगारतो. कामावर त्याच्या संतापापायी एक सहकारी टेकडीवरून कोसळतो. मुलांना शाळेतून काढून तो समुद्रावर नेतो आणि परतताना ट्रकमध्ये बिअर पाजतो. त्याच्यासाठी मात्र कोणी डॉक्टर बोलावीत नाही. मिळवत्या पुरुषाचे वेडेपण ‘स्वभाव’ म्हणून खपून जाते. निक दुष्ट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे तिच्यावर प्रेम आहे. पण ते व्यक्त करायला त्याच्याजवळ हुकमाचीच भाषा आहे. ‘तू तुझ्यासारखी वाग’ हेसुद्धा तो दरडावूनच सांगतो.

या चित्रपटासाठी कॅसाव्हेट्सने घर गहाण टाकले. निक झालेल्या पीटर फॉकने पदरचे पैसे घातले. मेबल म्हणजे कॅसाव्हेट्सची पत्नी जीना रोलँड्स, आणि दोन्ही आज्यांच्या भूमिकांत या दोघांच्या सख्ख्या आया. एकमेकांना तोडून बोलण्याची सवय या माणसांच्या तोंडी इतकी सहज येते ती कदाचित यामुळेच.

मेबल परत येते त्या दिवशी भरल्या टेबलापाशी ती वडिलांना म्हणते, माझ्यासाठी उभे राहा. वडील खरोखरच खुर्चीवरून उठून उभे राहतात. तिला पाठराखण हवी होती, हे त्यांना कळत नाही. थोड्याच वेळात ती स्वतःचा हात कापून घेते. तिची लहान मुले बापाला अडवून तिच्यापुढे उभी राहतात. आईने काय मागितले ते त्यांना न सांगता कळले.

मग निक जखम बांधतो. मुले झोपतात. दोघे टेबल आवरतात, सोफा उघडून अंथरूण घालतात. फोन वाजत राहतो, कोणी उचलीत नाही.