तिला कुणी विचारलं का?

लेखांक 6

मागच्या भागात आपण दिव्यांगत्वाच्या दाखल्यापर्यंत आलो. दाखला हातात पडतो तोवर मूल बहुधा वयात आलेलं असतं, आणि घरात एक निराळीच काळजी सुरू झालेली असते. या काळजीबद्दल ओटीवर कुणी बोलत नाही, चुलीपाशी बोललं जातं.

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत समज कमी असलेल्या मुलाच्या आईला सल्ला मिळतो, ‘लगीन करून टाका, अंगावर पडलं की येईल ठिकाणावर.’ मुलीच्या आईला मिळणारा सल्ला वेगळा असतो : ‘पिशवी काढून टाका, जन्माची कटकट मिटेल.’ मुलासाठी लग्न हे औषध, मुलीसाठी शस्त्रक्रिया हे कुलूप. सल्ला देणारे बहुतेकदा मायेचेच असतात. पण त्या मुलाला बायको हवी आहे का, त्या मुलीला आपल्या पोटातलं काय काढणार हे कळलं आहे का, हे दोघांनाही कुणी विचारत नाही. आजचा सगळा लेख या न विचारण्याबद्दल आहे.

आईची भीती खोटी नाही. आवणीच्या दिवसांत घरं रिकामी असतात. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वीस वर्षांच्या पोरीला घरी ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर, आणि भट्टीवर न्यायचं तर उघड्या झोपडीत कसं? ज्या आईपुढे हा प्रश्न रोज उभा असतो, तिला दोष देऊन मला काहीच साधायचं नाही.

पण पिशवी काढल्याने काय थांबतं, हे नीट पाहायला हवं. पाळी थांबते, गर्भ राहत नाही. अत्याचार थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक वाटच बुजते, आणि ज्याला हे माहीत आहे त्याचं आयतंच फावतं.

हा वाद महाराष्ट्राने एकदा जाहीरपणे घातला आहे. फेब्रुवारी 1994मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या 11 जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीचं कापड बदलायला शिकवण्याएवढी माणसं संस्थेत का नव्हती, हा तेव्हाचा प्रश्न मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकवायला वेळ लागतो, एकच गोष्ट महिनोन्‌महिने सांगावी लागते, पण सौम्य अपंगत्व असलेल्या बहुतेक मुली ते शिकतात.

त्यानंतर कायदा पुष्कळ पुढे आला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 10नुसार, मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. दिव्यांग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीशिवाय करणं हा कलम 92खाली गुन्हा आहे. तीव्र अपंगत्व असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती यांवर अपवाद होतो, पण तो अपवादच. त्याच्याही आधी, 2009 साली, चंडीगडच्या एका शासकीय संस्थेत अत्याचारातून गरोदर राहिलेल्या बौद्धिक अपंग तरुणीला मूल हवं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करू द्यायला नकार दिला होता.

‘तिला आठ वर्षांच्या पोरीएवढी अक्कल’ हे वाक्य आपण सहज बोलतो. 2017मध्ये असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. अत्याचार झालेली स्त्री 38 वर्षांची होती आणि तिचं मानसिक वय सहा-आठ वर्षांचं सांगितलं गेलं होतं. तिला बालक धरून पोक्सो लावावा अशी मागणी होती. न्यायालयाने ती मानली नाही : या कायद्यातलं वय म्हणजे जन्मापासूनचं वय. तिच्या वकिलांची कळकळ मला समजते. तरी अडतीस वर्षांच्या बाईला मूल ठरवलं की तिचं प्रेम, तिची ओढ, तिचा नकार, सगळंच पोरकट ठरतं, हे विसरून चालणार नाही. बलात्काराच्या कायद्यातला प्रश्न जास्त नेमका आहे : आपण कशाला हो म्हणतोय आणि त्यातून काय होईल, हे त्या क्षणी तिला कळत होतं का? दाखल्यावरची टक्केवारी त्याचं उत्तर देत नाही.

लग्नाचंही तसंच आहे. हिंदू विवाह कायदा संमती देण्याची क्षमता पाहतो. दाखला आहे म्हणून लग्नाला बंदी नाही. घात होतो तो लपवण्याने. मुलगा ‘जरा भोळा आहे’ एवढंच सांगून दूरच्या गावची गरीब घरची मुलगी आणतात, आणि सासूनंतर तिने त्याला सांभाळावं हा हिशोब तिला हळद उतरल्यावर कळतो. इथे दोघांनाही फसवलेलं असतं.

जानेवारी 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 27 वर्षांच्या एका तरुणीचं प्रकरण आलं. ती गरोदर होती. वडील गर्भपाताची परवानगी मागत होते, तिला मूल हवं होतं. जे. जे. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तिची बौद्धिक पातळी सीमारेषेवरची असल्याचं सांगितलं. बुद्धी सरासरीपेक्षा कमी असलेल्या व्यक्तीला आई होण्याचा हक्कच नाही का, असं न्यायालयाने विचारलं. तिने ज्याचं नाव सांगितलं होतं, त्या माणसाशी लग्नाबद्दल बोलून पाहा, असंही आईवडिलांना सुचवलं. परक्या माणसांनी भर न्यायालयात जे विचारलं, ते घरात आधी विचारता आलं असतं.

विचारायचं तर आधी शब्द द्यावे लागतात. शरीराच्या भागांची खरी नावं, कुणाचा हात कुठे चालतो आणि कुठे नाही, ‘नको’ म्हणून ओरडायचं कधी. हे चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा. मुलगा चारचौघांत स्वतःच्या शरीराशी चाळा करू लागला की त्याला मार बसतो. मार खाऊन तो फक्त घाबरायला शिकतो. ‘हे वाईट नाही, पण दार लावून, एकट्याने’ एवढं सांगायचं असतं. एका खोलीच्या घरात ते दार न्हाणीचं असेल, तरी चालेल. पाळीबद्दल घरोघरी बोलणारी आशाताई आणि गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक हे काम करू शकतात; त्यांना हे आधी कुणीतरी शिकवायला हवं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. त्यातून चित्रांचा एक संच आणि दोन दिवसांचं शिबिर होऊ शकतं. ग्रामसभेत हा विषय काढताना जीभ अडखळेल, तरी काढावा.

मूल अठराचं झालं की त्याच्यासाठी सही कुणी करायची, हा प्रश्न इथूनच निघतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखालचा पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे आपल्याला ठाण्याला, करावा लागतो. तो कसा भरायचा, आणि त्या पालकत्वात काय येत नाही, हे पुढच्या आठवड्यात.