मांडवगडचे पाणी आणि पिथमपूरचे भांडवल

दक्षिणेकडून आलेल्या आप्तांना आम्ही मांडू, म्हणजे आपल्या घरांतून अद्याप ज्याला मांडवगडच म्हणतात तो गड, दाखवावयास नेतो तेव्हा त्यांना बहुधा रूपमती आणि बाजबहादूर यांचीच कथा ऐकावयाची असते. ती सांगणारे गडावर पुष्कळ आहेत. आम्ही मात्र पाहुण्यांना जहाजमहालाच्या गच्चीवर घेऊन जातो आणि तेथील पन्हळी दाखवितो. गियासुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीतील (1469 ते 1500) हा महाल मुंज तलाव व कपूर तलाव यांच्यामध्ये उभा आहे. गडाच्या पठारावर नदी नाही. जे पाणी यावयाचे ते आकाशातून, तेही वर्षातून चार महिने. ते गच्च्यांवर झेलून, नागमोडी पन्हळींतून फिरवून, वाटेत गाळ बसवून, हौदांत व बावड्यांत साठवावयाचे आणि उरलेले आठ महिने त्यावर काढावयाचे, अशी ही व्यवस्था. पाऊस किती पडला यापेक्षा किती राहिला याचाच हिशेब तेथे दगडांत बांधलेला दिसतो.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही त्या गच्चीवर उभे होतो. आमची शाळा पिथमपूरच्या वेशीवरची, सरकारी. निम्म्याहून अधिक मुलांचे वडील कारखान्यांत, आणि त्यांतील बरेचसे ठेक्यावर. पन्हळींविषयीचे आमचे व्याख्यान संपताच एका मुलाने विचारले, "मास्साब, बाबा ज्या कंपनीत जातात ती परदेशी आहे. ती परत गेली तर आपल्याकडे काय राहील?"

मुलाच्या प्रश्नात पन्हळींचा संबंध नव्हता. तो मागाहून आमच्या मनात जुळला. त्या क्षणी आम्ही 'सांगतो' म्हणून वेळ मारून नेली.

माळव्याला परका पैसा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथील अफू मुंबईमार्गे चीनला जात असे. इंग्रज सरकार पेटीमागे जकात घेई, मुंबईतील कित्येक घराणी त्यावर गबर झाली, आणि येथला शेतकरी गव्हाच्या जागी खसखस पेरू लागला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनची बाजारपेठ मिटली. आज मंदसौर-नीमचकडे ती शेती सरकारी परवान्याने होते एवढेच. (आपण मराठी मंडळीही धार-देवासच्या पवारांमागोमाग बाहेरूनच आलो, तेव्हा 'बाहेरचा' हा शब्द आम्ही जरा जपूनच वापरतो.)

पिथमपूरची गोष्ट निराळी आहे. 1980 नंतर धार जिल्ह्यातील या माळरानावर सरकारने औद्योगिक क्षेत्र उभारले. 1984 साली पुण्याच्या फिरोदिया मंडळींच्या कायनेटिकने जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी केली आणि बटणाने सुरू होणारी, गिअर न बदलावी लागणारी स्कूटर येथे तयार होऊ लागली. आपल्या घरांतील किती स्त्रिया त्या स्कूटरवरून प्रथमच एकट्या बँकेत वा शाळेत गेल्या, हे वाचकभगिनींनीच आठवावे! 1998 साली होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. पुढे 2008 मध्ये तो स्कूटरचा व्यवसाय महिंद्रांकडे गेला. आयशरने 1986 पासून जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रसाहाय्याने हलके ट्रक येथेच बांधले. 2008 साली स्वीडनची व्होल्वो भागीदार झाली, आणि 2013 पासून व्होल्वोच्या युरोपातील गाड्यांसाठी मूळ इंजिने पिथमपुरात घडू लागली.

या दोन उदाहरणांत भागीदार बदलले, परंतु काम गेले नाही. याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे असे की, बाहेरून नुसता पैसा आला नव्हता, काम करण्याची रीतही आली होती. सुटे भाग पुरविणारी लहान लहान वर्कशॉपे भोवती उगवली होती. आमच्याच दोन विद्यार्थ्यांचे सांगतो. दोघे एकाच कारखान्यात लागले. तो कारखाना पुढे बंद पडला. त्यांतला एक बारा वर्षे टूलरूममध्ये होता. त्याने दोन जुनी लेथ यंत्रे घेतली आणि आज तो चार माणसांना पगार देतो. दुसरा तितकीच वर्षे ठेकेदाराच्या हाताखाली खोकी उचलीत होता. त्याला कोणी काही शिकविले नाही, कारण शिकविणे ठेक्यात लिहिलेले नव्हते. तो गावी परतला, तर जमीन मोबदला घेऊन केव्हाच गेलेली. मोबदल्याच्या पैशाची मोटारसायकल दारात उभी होती.

'शाश्वत विकास' हा शब्द हल्ली सरकारी परिपत्रकांतून आमच्याकडे वारंवार येतो. त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगताना आम्हांला या दोघांखेरीज दुसरे उदाहरण सुचत नाही.

आणि दुसरे टोकही याच जिल्ह्याने पाहिले. 1973 च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलाला सामान्यतः 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. उच्च तंत्रज्ञानाच्या नावाखाली अपवाद होते. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये अमेरिकन कंपनीचा हिस्सा 50.9 टक्के राहिला. 1984 च्या 2 डिसेंबरच्या रात्री तेथे जे घडले ते लिहावयास नको. 1989 साली 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, कंपनीची मालकी बदलली, पण विषारी कचरा जागच्या जागी चाळीस वर्षे पडून राहिला. अखेर उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर 2025 च्या जानेवारीत, पहिल्या तारखेच्या रात्री, बारा बंद वाहनांतून 337 टन कचरा निघाला आणि जाळण्यासाठी कोठे आला? आमच्या पिथमपूरला!

त्या आठवड्यात गाव पेटले होते. शाळेत हजेरी निम्मीही नव्हती. मुलांना पाठवावे की नाही असे पालक आम्हांला विचारीत, आणि आम्ही तरी काय सांगणार? जूनअखेर तो कचरा जाळून झाला. धूर मर्यादेत होता असे अधिकाऱ्यांनी सांगितले. उरलेली राख कोठे पुरावयाची हा प्रश्न त्यानंतरही न्यायालयापुढे आला. भाडेकरू ठेवताना आपण अनामत घेतो, घर सोडताना भिंती पाहून घेतो. कारखान्याला जमीन, वीज आणि करसवलत देताना तो जाईल तेव्हा मागचे कोण साफ करील, हे करारातच लिहून घ्यावे, असे आम्हांला वाटते. गुंतवणूकदार पळून जाईल, ही भीती आम्हांला खरी वाटत नाही. ज्याला राहावयाचे आहे तो एवढ्याने पळत नाही.

पाण्याचेही तसेच. देवासचे कारखाने वाढले, टाटांचा चामड्याचा व्यवसाय, किर्लोस्करांचे पंप, औषधे, सारे आले; आणि 1990 च्या सुमारास त्याच देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले. भूगर्भातील पाणी उपसताना ते ज्याचे त्याला परत द्यावयाचे असते हे कोणाच्याच ध्यानी राहिले नाही. मार्ग निघाला तो 2006 साली, जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या आग्रहावरून. शेतकऱ्यांनी आपल्याच शेताचा सुमारे दहावा हिस्सा देऊन तळी खणली, बहुतेकांनी पदरच्या वा कर्जाऊ पैशांनी. त्या तळ्यांना त्यांनी 'रेवासागर' म्हटले. हजारो तळी झाली आणि रब्बीला पुन्हा गहू उभा राहिला. यात परकीय भांडवल एक पैशाचे नव्हते. मांडवगडच्या गच्चीवर जी अक्कल दगडांत दिसते तीच येथे काळ्या मातीत वापरली गेली.

आता 2025 च्या सप्टेंबरात बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे प्रचंड वस्त्रोद्योग उद्यानाचा पाया घातला गेला आहे. निमाडचा कापूस तेथे सूत होऊन, कापड होऊन, कपडा होऊन परदेशी जाईल, असा बेत आहे. चांगलाच बेत आहे. कापूस गठ्ठ्याने जाण्यापेक्षा सदरा होऊन गेलेला केव्हाही बरा. फक्त कापड रंगवावयास पाणी फार लागते, आणि रंगलेले पाणी कोठे तरी सोडावे लागते.

सहलीहून परतल्यावर त्या मुलाला आम्ही सांगितले की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर बाबांनाच विचार. कंपनीत इतकी वर्षे काय शिकलात, ते लिहून आण. त्याने अर्धे पान आणले. वडील नऊ वर्षांत एक यंत्र चालवावयास शिकले होते, तेही रात्रपाळीचा माणूस आजारी पडला म्हणून.

प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन आटोपल्यावर वडील स्वतःच भेटावयास आले. मुलाने वहीत काय लिहून नेले होते ते त्यांना ठाऊक होते. थोडे ओशाळले होते. "मास्साब," ते म्हणाले, "पोराला दहावीनंतर आयटीआयला घालायचे म्हणतो. कोणता ट्रेड घ्यावा?"

आम्ही त्यांना बसावयास सांगितले आणि कपाटातून माहितीपत्रक काढले.