सहलीत गोळी आणि घास

गटासोबत परदेश सहलीला जाणारी ज्येष्ठ मंडळी आता लहान गावांतही भेटतात. तुर्कस्तानच्या सहलीत कप्पादोकिया बहुधा असतेच. तिथे ज्वालामुखींच्या राखेचे थर साचून मऊ खडक तयार झाला. तो हत्याराने सहज कापता येत असल्याने ख्रिस्ती साधूंनी त्यातच मठ व चर्च कोरली. गोरेमे येथील ही गुहा-चर्च साधारण दहाव्या ते बाराव्या शतकांतील आहेत. १९८५ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा मानले.

आमचा गट तेथे गेला, त्या दिवशी पहाटेच उठून सर्वजण बलूनच्या फेरीला गेले होते. आमच्यासोबतच्या साठीच्या एका बाईंना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांनी रोजच्यासारखी गोळी घेतली. नाश्ता मात्र 'परत आल्यावर करू' म्हणून राहिला. परतायला उशीर झाला आणि चहाचे दोन घोट घेऊन त्या बसमध्ये बसल्या.

गोरेमेत 'काराणलिक किलिसे', म्हणजे 'अंधारे चर्च' आहे. आत उजेड फार कमी येतो, म्हणूनच भिंतींवरील चित्रांचे रंग उत्तम टिकले आहेत. सगळ्यांच्या माना वर असताना या बाई घामाघूम झाल्या, हात थरथरू लागले. 'अंधारात कोंडल्यासारखे होते,' असे त्या म्हणाल्या आणि इतरांनाही ते पटले. मात्र आत हवा गार होती आणि त्यांचे बोलणे अडखळत होते. त्यांच्याच पर्समधील यंत्रावर साखर तपासली. ती ५४ भरली! कोणाच्या तरी खिशात चहाबरोबरचे साखरेचे खडे होते. ते पाच खडे त्यांना चघळायला दिले. पंधरा मिनिटांत साखर ९० च्या वर आली. मग बिस्किटे दिली.

गुहेत धोका असतो तो हाच. अंधार, पायऱ्या, अरुंद वाट यांच्यावर सगळे ढकलले जाते आणि खरा आजार लपतो. छातीत दडपण आले तरी 'चढ लागला' म्हणून माणूस गप्प बसतो. गटाचा खोळंबा होऊ नये, हा संकोचही असतोच.

म्हणून वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या व इन्शुलिन घेऊन जेवण लांबवले, तर साखर धोकादायक खाली येते. सहलीच्या वेळा आधीच आपल्या डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्या. ग्लुकोज खिशात ठेवा, बसमधल्या बॅगेत नको. आपला आजार वाटाड्याला व शेजारच्या सोबत्याला सांगून ठेवा. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हातून आत शिरल्यावर दाराशी दोन-तीन मिनिटे थांबा. उतारवयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. आधारासाठी चित्रांच्या भिंतीला हात लावू नका, सोबत्याचा हात धरा. जवळचे देरिनकुयू हे भूमिगत शहर सुमारे ८५ मीटर खोल आहे. तिथल्या वाटा अरुंद असून काही ठिकाणी वाकून चालावे लागते. गुडघे, हृदय किंवा दम यांचा त्रास असलेल्यांनी, तसेच बंद जागेची भीती असलेल्यांनी खुशाल वर बसावे. त्यात कमीपणा नाही.

त्रास वाटला तर 'जरा थांबा' म्हणायला लाजू नका. जी चर्च हजार वर्षे उभी आहेत, ती आपल्यासाठी अर्धा तास नक्की थांबतील.