वैयक्तिक श्रद्धा आणि पुरोगामी राजकारण

पुरोगामी राजकारण म्हणजे देव न मानणाऱ्यांचे राजकारण, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात बराच रूढ आहे. जो जातिभेद मोडावयास निघतो, जो स्त्रियांच्या समान हक्कांचा आग्रह धरतो, जो कुळांच्या आणि कामगारांच्या बाजूने बोलतो, त्याची देवाधर्मावर श्रद्धा असणे शक्य नाही, असे त्याचे विरोधक गृहीत धरतात. आणि नवल असे की, त्याचे सहकारीही पुष्कळदा तेच गृहीत धरतात. त्यामुळे घरी पहाटे हरिपाठ म्हणणारा कार्यकर्ता ती गोष्ट पक्षाच्या बैठकीत बोलून दाखविण्यास संकोचतो. उलटपक्षी, ज्याला देव हवा त्याने समाजाची घडी विसकटू नये, असे बजावणारेही थोडे नाहीत. या दोन्ही समजुतींना आपल्या इतिहासाचा कितपत आधार आहे, आणि श्रद्धेला लोकांच्या राजकारणात नेमके कोणते स्थान असावे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम इतिहासाकडे पाहू. ज्योतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुरोहितशाहीवर त्यांच्याइतका कठोर प्रहार क्वचितच कोणी केला असेल. तथापि, सृष्टीच्या निर्मात्यावरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही. त्याला त्यांनी ‘निर्मिक’ असे नाव दिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असे आहे. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे असतील, तर त्यांच्यात जन्माने उच्चनीच कोण, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यांच्या समतेच्या मागणीचा पाया असा श्रद्धेतच होता.

दुसरे उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचे. जमखंडीच्या एका वारकरी वळणाच्या घरात वाढलेला हा तरुण १९०१ मध्ये ऑक्सफर्डला गेला तो धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी. परत आल्यावर प्रार्थना समाजाचा प्रचारक म्हणून काम करीत असतानाच त्यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी आणि उन्नतीसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली. पुढे १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेच्या निवारणाचा ठराव संमत झाला, त्यामागे शिंद्यांची खटपट होती. शेतकऱ्यांच्या चळवळीत ते पडले. १९३० च्या कायदेभंगात, वयाची सत्तावन्न वर्षे उलटलेली असता, तुरुंगात गेले. उपासना, शाळा, परिषद आणि तुरुंग हे त्यांच्या लेखी एकाच वाटेवरचे मुक्काम होते.

तिसरे उदाहरण साने गुरुजींचे, आणि येथे थोडे थांबावयास हवे. कारण श्रद्धा राजकारणात कशी काम करते, हे त्यात स्पष्ट दिसते. गुरुजी समाजवादी होते. खानदेशातील शेतकरी-कामगारांच्या लढ्यांत ते होते. अनेकदा कारावास भोगलेला होता. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती टिपून घेणारे हात गुरुजींचेच. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलेले असताना त्यांच्या मनाला एक गोष्ट बोचत राहिली. ज्या पंढरपुरास महाराष्ट्र आपले माहेर म्हणतो, तेथील विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाबाहेर. शतके लोटली तरी चोखोबांच्या लेकरांची जागा तीच राहिली होती. गुरुजींनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावची देवळे आणि पाणवठे खुले करण्याचे आवाहन केले, आणि नंतर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास आरंभ केला. त्याच महिन्यात मंदिर खुले करण्याचे मान्य झाले.

या घटनेत श्रद्धेने नेमके काय केले? माझ्या मते तीन गोष्टी केल्या. पहिली अशी की, तिने सुधारकाला स्वकीयांविरुद्ध उभे राहण्याचे बळ दिले. परक्या सत्तेशी लढताना आपली माणसे पाठीशी असतात. परंतु रूढीशी लढताना समोर आपलीच माणसे उभी असतात. जातीचा निवाडा ज्याला अखेरचा वाटत नाही, त्याच्यापाशी दाद मागण्याचे दुसरे एखादे न्यायासन असावे लागते. दुसरी गोष्ट, तिने सामायिक भाषा दिली. बडवे, वारकरी आणि गुरुजी यांचा विठ्ठल एकच होता. त्यामुळे ‘देव सर्वांचा आहे, हे तुम्हीच नित्य म्हणता, मग दार बंद का?’ हा प्रश्न झटकून टाकणे सनातन्यांना अवघड गेले. तिसरी गोष्ट, तिने विरोधकाला शत्रू ठरविले नाही. ज्याचे मन पालटावयाचे, त्याच्याविषयी द्वेष बाळगून चालत नाही. कायदा दार उघडू शकतो. आत येणाऱ्याचे स्वागत करण्याची बुद्धी कायद्याने येत नाही. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला हे खरे; पण त्या कायद्याला लागणारी जमीन असल्या प्रयत्नांनीच नांगरली होती.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. श्रद्धेवाचून समाजासाठी झिजता येत नाही, असे मुळीच नाही. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. बुद्धीला पटेल तेच बोलावयाचे या निश्चयापायी त्यांनी सोसलेला छळ कोणत्याही भक्ताने सोसलेल्या छळाहून कमी नव्हता. आणि १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते निवर्तले. तेव्हा निष्ठेचा मक्ता आस्तिकांकडे नाही.

श्रद्धा राजकारणात आली म्हणजे एक मोठा धोकाही बरोबर येतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना अस्पृश्यतेचा तितकाच तिटकारा होता. तरीही त्यांनी या विधानाचा निषेध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, निसर्गाच्या उत्पातांचा नीतीशी असा संबंध जोडणे बुद्धीला धरून नाही, आणि हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्याच मनोवृत्तीला अधिक शोभतो. ते खरेच होते. देवळे उघडल्यामुळे देव कोपला आणि भूकंप झाला, असे सनातन्यांनी म्हटले असते, तर त्यांना कोणते उत्तर देता आले असते? गांधीजींचा मोठेपणा असा की, रवींद्रनाथांचा निषेध त्यांनी आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापला आणि त्याला उत्तर दिले. परंतु वादाचा निष्कर्ष आपल्यासाठी मोलाचा आहे. श्रद्धा ही कार्याची प्रेरणा होऊ शकते. ती सार्वजनिक वादातला पुरावा होऊ शकत नाही.

याहून सूक्ष्म धोका डॉ. आंबेडकरांनी दाखविला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू करूनही दार उघडले नाही, तेव्हा १९३५ साली येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला, आणि १९५६ मध्ये नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. समाजाला नीतीचा पाया हवा, हे त्यांना मान्य होते. म्हणूनच तर ते धम्माकडे वळले. परंतु २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावले की, धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. देवापुढे वाकलेली मान पुढाऱ्यापुढेही सहज वाकते. हा अनुभव कोणत्याही एका पक्षापुरता मर्यादित नाही.

मग मेळ कसा घालावयाचा? मला वाटते, आपल्या घटनाकारांनी याचे उत्तर व्यवहारात देऊन ठेवले आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती फेटाळली गेली. फेटाळणारे सर्व नास्तिक होते असे नव्हे. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै यांनी आपण स्वतः श्रद्धाळू असल्याचे सांगूनच विरोध केला. श्रद्धेची सक्ती होऊ नये, हे त्यांचे कारण. त्याच घटनेने तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांना, संसद सदस्यांना आणि न्यायाधीशांना मुभा दिली आहे की, हवे तर ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. आरंभीचे शब्द ज्याने त्याने निवडावे. त्यापुढील वचन मात्र सर्वांचे एकच. त्याचबरोबर पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले, आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकारही राज्याकडे ठेवला. श्रद्धेला मान आहे. अन्यायाला श्रद्धेचा आडोसा नाही.

शासनाच्या सेवेत काम करणाऱ्याला हे तत्त्व फार परिचयाचे असते. एखाद्या विधवेच्या अर्जाचा निकाल लवकर लागावा म्हणून एखादा अधिकारी रात्री जागत असेल, तर त्याला जागविणारी प्रेरणा कदाचित त्याच्या देवघरातली असेल. पण टिपणीत ‘मला आतून असे वाटले’ असे लिहिता येत नाही. तेथे नियम, पुरावा आणि कारणे लिहावी लागतात. आणि ती अशी की, कोणत्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या नागरिकालाही ती तपासता यावीत. लोकशाहीतील राजकारण्यालाही हाच दंडक लागू आहे.

पंढरपुरातच ही कथा पुढे चालू राहिली. मंदिराची व्यवस्था वंशपरंपरागत हक्कदारांकडून काढून घेणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७३ मध्ये केला, आणि त्यावरील दीर्घ वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जानेवारीत शासनाच्या बाजूने दिला. उपवासाने सुरू झालेल्या कामाचा पुढचा टप्पा असा कायद्याच्या कलमांनी गाठला. दोहोंची गरज होती. म्हणून श्रद्धाळू कार्यकर्त्याने बैठकीत आपला अभंग लपविण्याचे कारण नाही, आणि नास्तिक सहकाऱ्याने त्याला हसण्याचेही नाही. दोघांनी एकमेकांना विचारावयाचा प्रश्न एकच आहे: बंद असलेले कोणते दार तू आज उघडलेस, आणि ते का उघडावे, हे मला पटेल अशा शब्दांत तुला सांगता येते काय?